छत्र्या दुरुस्त करणाऱ्याची मुलगी



काल रात्रीं आपल्या मुलांनीं मंडपांत नाटक केलें, तें पाहतांना मला एका कुटुंबाची आठवण झाली. तें यहुदी होतें. परंतु त्याची हकीकत आपल्या आयाबापांनीं ऐकावी अशी आहे.

उत्तर जर्मनींत डोर्नुम म्हणून लहानसें गांव आहे. तेथला शोनबर्ग हा जादूचे खेळ करी, त्याची पत्नी हार्प नांवाचें तंतुवाद्य वाजवी. १८८० च्या सुमारास हीं मंडळी न्यूयॉर्कला गेलीं. इंग्रजी येईना, म्हणून खेळाला कोणी विचारीना. जादूगार छत्र्या दुरुस्त करूं लागला आणि हार्प खोलीच्या कोपऱ्यांत पडलें.

त्याची मुलगी मिनी. तिनें आल्सेसहून आलेल्या सॅम मार्क्स नांवाच्या शिंप्याशीं लग्न केलें. हा गृहस्थ टेप न लावतां नजरेनें मापें घेई, असें त्याचे मुलगे सांगत. कपडे कसे बसत असतील तें तुम्हीच ताडा! पहिलें मूल तान्हेपणींच गेलें. पुढें पांच मुलगे झाले. मिनीचा भाऊ अल शीन रंगभूमीवर नांव कमावून होता. बापाला जें साधलें नाहीं तें आपल्या मुलांस साधलेंच पाहिजे, असा तिनें हट्ट धरिला.

ज्यूलियसला डॉक्टर व्हावयाचें होतें. त्याची शाळा लवकरच सुटली. १९०५ सालीं, पंधराव्या वर्षीं, तो एका मंडळीबरोबर फिरतीवर गेला आणि सोबत्यांनीं त्याला दूर कोलोरॅडोंत एकटें टाकिलें. अडोल्फ तर दुसऱ्या इयत्तेपुढें गेलाच नाहीं. मिल्टनला रंगभूमि कधीं रुचली नाहीं. १९१८ सालीं तो सैन्यांत गेला, तेव्हां मिनीनें धाकट्या हर्बर्टला त्याच्या जागीं उभें केलें. गांवोगांव, आगगाड्यांतून, हलक्या खाणावळींतून अशीं वर्षें गेलीं. टेक्सासमधील एका गांवीं खेळ चालू असतां बाहेर एक खेंचर उधळलें, आणि प्रेक्षक तें पाहण्यास उठून गेले. परतल्यावर ह्या भावांनीं संतापून त्यांचीच टिंगल मांडिली. लोक रागावण्याऐवजीं पोट धरून हंसले. गाणारी पोरें विनोदी नट झालीं तीं अशीं.

१९ मे १९२४ रोजीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्यांचा खेळ लागला. मिनीचा पाय मोडला होता. तिला उचलून नाटकगृहांत नेलें. १९२९ सालीं त्यांचा चित्रपट निघाला, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत ती वारली.

हिला शहाणी म्हणावें कीं निष्ठुर? मुंबईच्या चित्रपटगृहस्थांस चिठ्ठी द्या म्हणून आईबाप माझ्याकडे येतात. सोबतचा मुलगा खालीं मान घालून उभा असतो. मी त्यालाच विचारतों, आणि बहुधा उत्तर आईच देते. मिनी यशस्वी झाली, म्हणून मिल्टनची कुचंबणा पुसली जात नाहीं. ज्यूलियसनें पुढें जन्मभर पुस्तकें वाचून शाळेची भरपाई केली, तो गुण त्याचा स्वतःचा.

पण अडोल्फचें सांगितलेंच पाहिजे. त्याला आईनें एक हार्प मिळवून दिलें. आजीचें तें जुनें कधींच निकामी झालें होतें. शिक्षक नाहीं, सुरांची लिपि येत नाहीं. तो आपल्या कानानें वाजवीत बसे. एकदां एका स्वस्त मालाच्या दुकानांत त्यानें हार्प वाजविणाऱ्या देवदूताचें चित्र पाहिलें, आणि आपण तें भलत्याच खांद्यावर टेकवितों हें त्याच्या ध्यानीं आलें. घरीं जाऊन त्यानें तें दुसऱ्या खांद्यावर घेतलें.