वाडीची वही, वाडीचा नकाशा
(विजयदुर्ग येथे वाडीवाडीतल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज घोषणा कमी देऊ, कागद जास्त बघू. समोर विजयदुर्गाचा किल्ला आहे. त्याची नोंद सरकारदरबारी आहे. आपल्या घरांची, वरकस जमिनीची, विहिरीची, दफनाच्या जागेची नोंद कुठे आहे? नोंद नसली की कुणीही येतो आणि म्हणतो, जागा मोकळी आहे.

पहिलं काम, जागा कुणाची ते बघा. तलाठ्याकडून सातबारा काढा. २००६ चा वनहक्क कायदा वनजमिनीला लागतो. घर खाजगी मालकाच्या जमिनीत असेल तर ती लढाई वेगळी. तिथे वनहक्काचा अर्ज भरून वर्षं फुकट घालवू नका.

जमीन वनाची असेल आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण कसत असू, तर दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. पुरावे किमान दोन लागतात. जुने बांध, विहीर, घर हा पुरावा आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा आहे. कुणी म्हणेल, उपग्रहाच्या फोटोत तुमचं शेत दिसत नाही. त्याला सांगा, २०१२ च्या नियमांप्रमाणे तो फोटो बाकीच्या पुराव्यांना जोड म्हणून चालतो, त्यांच्या बदली चालत नाही. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांच्या आत वरच्या समितीकडे जा.

आता मोजणी. यंत्र घेऊन माणूस चालला की आपणही सोबत चालायचं, शेजाऱ्यालाही घ्यायचं. प्रत्येक कोपऱ्यावर त्याला थांबवा. वळण सोडून तो सरळ गेला तर मधला तुकडा नकाशातून गेला. मग आकडा वाचा. १ हेक्टर म्हणजे १०० आर, सुमारे अडीच एकर. ०.४० लिहिलं तर जवळजवळ एक एकर. ०.०४ लिहिलं तर जेमतेम चार गुंठे! एका शून्यात घरातली भाकरी जाते.

पट्टा हातात आला म्हणजे संपलं असं नाही. त्यावर नवरा-बायको दोघांची नावं पाहिजेत. चतुःसीमा जाग्यावर जाऊन जुळवा. पुढे अंतिम नकाशा करून महसूल आणि वन या दोन्ही दप्तरांत नोंद घालणं हे सरकारचं काम आहे, तेही जास्तीत जास्त तीन महिन्यांत. ती झाली का, हे आपणच विचारायचं. नाहीतर पट्टा पेटीत आणि जमीन दुसऱ्याच्या नकाशात.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे ग्रामसभा बसून विचार करते, अभ्यास करते. आपणही बसू.

प्रत्येक वाडीने एक वही घालावी. कुणाचं शेत, सर्व्हे नंबर, क्षेत्र, दाव्याची तारीख, पोच, नकाशाची नक्कल. वही एका पुढाऱ्याच्या घरात नको. एक प्रत बायकांच्या गटाकडे ठेवा. पुढच्या बैठकीला येताना ती वही घेऊन या. तिथूनच बोलायला सुरुवात करू.

जिंदाबाद!