श्रवणाविना पोहोचणारी करुणा
(सुवर्ण महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



गाय, बैल, पक्षी यांच्यासाठी आपला समाज पांजरपोळांच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या दान देत आला आहे. आज मी अशा जिवाविषयी बोलणार आहे, ज्याच्याकडे आपली दृष्टी सहसा वळत नाही. तो म्हणजे बदनाम जातीचा आणि त्यातही बहिरा असा निराधार कुत्रा.

जीवंधरकुमारांची कथा आपणा सर्वांस ज्ञात आहे. मार खाऊन मरणासन्न झालेल्या कुत्र्याला त्यांनी णमोकार मंत्र ऐकविला आणि तो जीव यक्ष झाला. परंतु ज्याला ऐकूच येत नाही, त्याच्यापर्यंत आपली करुणा कशी पोहोचावी?

याचे उत्तर अमेरिकेतील 'घोस्ट' नावाच्या पांढऱ्या पिटबुलने दिले. तो फ्लोरिडा राज्यात बेवारस सापडला. बहिरा, अतिचंचल आणि त्यात पिटबुल. याला कोणी घरी नेणार नाही, असेच मानले गेले. प्राणिसेवकांनी त्याला वाचवून देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात पाठविले. तेथील कारागृह विभागाच्या प्रशिक्षिकेने त्याला हातांच्या खुणांनी शिकविले आणि २०१८ पर्यंत तो अमली पदार्थ शोधणारा श्वान म्हणून सेवेत रुजूही झाला. गोंगाटाने त्याचे चित्त विचलित होत नसे. वैगुण्य होते, तेच गुण ठरले!

पांढऱ्या कुत्र्यांत जन्मजात बहिरेपणा अधिक आढळतो. अंतर्कर्णात रंगपेशी नसल्या, तर जन्मानंतर काही आठवड्यांतच श्रवणपेशी नष्ट होतात. असा कुत्रा हाक मारून येत नाही; त्याला हट्टी समजले जाते. झोपेत एकाएकी स्पर्श झाल्यास तो दचकतो. त्याला रागीट समजले जाते. वास्तविक त्याच्यासमोर येऊन खूण करावी, जमिनीवर हलकेच पाय आपटून जागे करावे, बाहेर नेताना साखळी कधीही सोडू नये. एवढे पथ्य पाळले, तर तो आपल्या मुद्रेवरून मन ओळखू लागतो.

आता जातीविषयी. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र शासनाने पिटबुलसह २३ जातींच्या कुत्र्यांवर निर्बंध घालण्याविषयी राज्यांना कळविले. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द केले. हा कुत्रा बलवान असतो, हलगर्जीपणा घातक ठरू शकतो, हे सत्य नाकारता येत नाही. म्हणूनच स्थानिक नियम, परवाना, लसीकरण आणि योग्य शिक्षण ही पालकाची कर्तव्ये आहेत. तथापि मी कापडाचा व्यापारी आहे. ताक्यावरील छाप वाचून आम्ही माल पारखत नाही, पोत हाताने पाहतो. मग पंचेंद्रिय जिवाची पारख केवळ जातीच्या नावावरून कशी करावी?

ज्यांच्या घरी जागा, वेळ आणि धैर्य आहे, त्यांनी पशुवैद्यांच्या सल्ल्याने असा एक जीव अवश्य दत्तक घ्यावा. इतरांनी त्याच्या अन्नौषधाचा भार उचलावा. ज्याला आपला शब्द ऐकू येत नाही, त्याला आपले आचरण मात्र स्पष्ट दिसते. अहिंसेची खरी परीक्षा तेथेच आहे.

जय जिनेंद्र!