बाजारातला सायकलवाला

आमच्या शिरड शहापूरच्या आठवडी बाजारात अब्बांचं बांगड्यांचं दुकान लागायचं. दुकान म्हणजे काय, चार बांबू, वर ताडपत्री. मल्लिनाथाच्या दर्शनाला आलेल्या जैन बाया, औंढ्याच्या नागनाथाहून वसमतकडे परतणारी माणसं, खेड्यापाड्यांतल्या लेकीसुना, सगळे तिथे टेकत. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, म्हणजे १९८०च्या आगेमागे. एका बाजारी सायकलवरून एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, हँडलला कापडी पिशवी. सायकल बाभळीला टेकवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला येशूची गोष्ट सांगू लागले. पिशवीत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या लहान पुस्तिका होत्या. चार आण्याला एक.

लोक थांबत, ऐकत, पुढे जात. एकानं विचारलं, 'मास्तर, दातदुखीवर काही आहे का?' ते हसले. शेवटी उन्हानं घामाघूम होऊन आमच्या ताडपत्रीखाली आले.

'बसा भाऊ,' अब्बा म्हणाले. 'हजरत ईसांचं नाव आमच्या घरातही अदबीनं घेतात. त्यांच्या आईच्या नावानं, मरियमच्या नावानं, कुरआनात एक अख्खी सूरह आहे.'

गृहस्थांना हे ठाऊक नसावं. ते खूश झाले. मग क्रूसाचा विषय निघाला आणि तिथे गाडी अडली. हजरत ईसांना सुळावर मारलं गेलं नाही, अल्लाहनं त्यांना आपल्याकडे उचलून घेतलं, ही आमची श्रद्धा. आणि ख्रिस्ती माणसाचा सारा धर्म तर त्या क्रूसावर उभा! दोघंही तसूभर हलले नाहीत. गिऱ्हाईक आलं की वाद थांबे, हातात बांगड्या भरून झाल्या की पुन्हा सुरू. चहा झाला. उठताना अब्बांनी चार आणे देऊन एक पुस्तिका घेतली. 'असू द्या, पैसे नकोत,' असं ते म्हणत होते, अब्बांनी ऐकलं नाही.

मी काय केलं? पहिल्याच पावसात त्या पुस्तिकेची पानं फाडून होड्या सोडल्या. अब्बांनी आयुष्यात मला दोनदा मारलं, त्यातली ही एक वेळ. 'पैगंबराचं नाव आहे त्यात,' एवढंच बोलले. उरलेली पुस्तिका पुसून त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवली.

पुढे बी.ए.ला असताना लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली आणि रेव्हरंड टिळकांची ओळख झाली. नारायण वामन टिळक १८९३ साली नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणं सुरू झालं ते धर्मावरून नाही, संस्कृत काव्यावरून. मला कवी म्हणून ही गोष्ट फार मोलाची वाटते. त्या गृहस्थांनी आधी टिळकांना काय आवडतं ते ऐकून घेतलं. मग नवा करार हाती दिला आणि सांगितलं, हा वाचा, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. एकमेकांचं नाव न विचारताच दोघांची ताटातूट झाली. टिळक वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात. लक्ष्मीबाई थांबत नाहीत. आगगाडीतल्या त्या गप्पांची किंमत त्यांनी मोजली. नवरा गेला, म्हणजे जिवंत असून गेला. त्यानंतरची काही वर्षं त्यांनी नातलगांच्या आधारानं काढली. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या, पण आपल्या विचारानं, आपल्या वेळेला. त्या अनोळखी प्रवाशाला यातलं काहीच कळलं नसेल. तो आपल्या स्टेशनावर उतरून गेला.

रस्त्यावरच्या धर्मबोधनाचा दुसरा तऱ्हेचा प्रसंग मुंबईचा. १८५७ साली समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. ऐकायला ही गर्दी! त्या वादांचा वृत्तान्त जॉर्ज बोवेन यांनी छापला. हा अमेरिकन माणूस १८४८ साली मुंबईत आला, रस्त्यावर उपदेश करीत राहिला आणि १८८८ साली इथेच वारला. मायदेशी परत म्हणून गेला नाही. विष्णुबुवा हरले की मिशनरी, हे ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं ठरवलं. पण किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना बोलायला जागा होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

बावीस-तेविसाव्या वर्षी मीही जमातीबरोबर गश्तीला जायचो. आमची गश्त आपल्याच लोकांच्या दारी, नमाजाला चला म्हणून सांगायला. एका घरी आतून आवाज आला, 'घरात नाहीत.' आवाज घरधन्याचाच! सगळे हसले, मला मात्र ते सायकलवाले आठवले. दारात उभं राहून नकार ऐकताना तोंड कसं करायचं, हे कुणी शिकवत नाही. आणि हे काही आज-कालचं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या नर्सीचे नामदेव विठ्ठलाचं नाव घेऊन पंजाबात गेले, तेव्हा तिथे त्यांना कोण ओळखत होतं?

आपल्या राज्यघटनेचं पंचविसावं कलम धर्माच्या प्रसाराचा हक्क देतं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. कायद्याचं कायदा जाणे. मला एवढं कळतं की, उपाशी माणसाला भाकरीबरोबर आणि आजारी माणसाला गोळीबरोबर धर्म देऊ नये. आणि दुसऱ्याच्या देवाची टवाळी करणाऱ्यापाशी, मग तो कुठल्याही धर्माचा असो, मी थांबत नाही. सायकलवाले यांतलं काही करीत नव्हते. मी आत्ता तुमच्याशी बोलतो आहे, तेवढाच त्यांचाही अधिकार. तुम्ही बटण फिरवलंत की मी गप्प!

ते गृहस्थ पुन्हा आमच्या बाजारात दिसले नाहीत. अब्बा जाऊनही बरीच वर्षं झाली. पेटीतली पुस्तिका मी मध्ये एकदा काढली. टिळक गुंतले ते डोंगरावरचं प्रवचन मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून आहे. चौथा अध्याय होता, आठवा होता. मधली पानं नव्हती. ती मी नांदेडला एका मित्राच्या घरी बसून वाचली.