आरोग्यसेवेसाठी परदेशी जाताना

(न्यासाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त अमरावती येथे भरलेल्या विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा पाठ)



समाजातील वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या काही मुला-मुलींनी सुट्टीच्या काळात परदेशातील आरोग्य शिबिरांत स्वयंसेवक म्हणून जाण्याची इच्छा व्यक्त केली आहे. न्यासाने त्यांना साहाय्य करावे काय, हा प्रश्न विश्वस्तांपुढे आहे आणि त्यावर मी माझे विचार मांडावेत अशी आज्ञा झाली आहे. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांत औषधाला स्थान देणारी आपली परंपरा आहे. वैयावृत्त्याची, म्हणजे आजारी व थकलेल्यांच्या सेवेची गणना तिने अंतरंग तपात केली आहे. त्यामुळे सेवा करावी की नाही, हा प्रश्न आपल्यापुढे उरत नाही. ती कोठे, कशी आणि कोणत्या तयारीने करावी, एवढाच प्रश्न उरतो.

परदेशी आरोग्यसेवेला जाण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. त्या वर्षाच्या अखेरीस चिनी सेनानी झू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना देशभर निधी गोळा झाला, आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून पाच डॉक्टरांचे पथक रुग्णवाहिका व औषधे घेऊन निघाले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल होते. आपल्या विदर्भातील नागपूरचे वयाने ज्येष्ठ असलेले डॉ. चोळकर त्यात होते. बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी होते, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुढील शिक्षणाची तयारी करीत होते. म्हणजे, मित्रांनो, ते जवळजवळ तुमच्याच उंबरठ्यावर उभे होते.

या पथकाच्या कहाणीतील शौर्य आपण व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे जाणतो. मला आज तिच्यातील कमी बोलल्या जाणाऱ्या गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली गोष्ट नावांची. पाचही जणांनी आपापल्या चिनी नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर जोडून घेतले. त्याचा अर्थ चीन. कोटणीसांचे नाव के दिहुआ झाले. ज्यांच्याकडे आपण जातो त्यांचे नाव आपल्या नावात घेणे, ही सेवेची पहिली पायरी होय. दुसरी गोष्ट भाषेची. कोटणीस चिनी भाषा शिकले, इतकी की वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते त्याच भाषेत शिकवू लागले. तिसरी गोष्ट मुक्कामाची. चीनमध्ये पोहोचून काही महिने होतात न होतात तोच वडिलांच्या निधनाची वार्ता आली. परतण्यास कोणाची हरकत नव्हती. तरीही ते पुढे येनानला गेले आणि तेथून युद्धआघाडीवर गेले. १९४० च्या लढायांत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले आणि एकदा तर सलग तीन दिवस-रात्र शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्याकडे डॉ. बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद आले. ज्या कॅनडियन डॉक्टरांचे नाव या रुग्णालयाला होते, ते शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १९३९ साली वारले होते. कोटणीसांनी तेथील परिचारिका-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. पुत्राचे नाव यिनहुआ ठेवले, म्हणजे भारत आणि चीन. अपस्माराच्या झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. शिच्याच्वांग येथील हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी आहे आणि सोलापुरात त्यांच्या जन्मघरी स्मारक आहे.

पाचांपैकी इतर चौघे परत आले, म्हणून त्यांची सेवा उणी ठरत नाही. डॉ. मुखर्जींना आजारपणामुळे लवकर परतावे लागले. डॉ. बसू १९४३ पर्यंत तेथे राहिले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तेथे सुया टोचून उपचार करण्याची पद्धती शिकले आणि ती त्यांनी भारतात रुजवली. देण्यासाठी गेलेला माणूस घेऊनही आला. सेवेला निघणाऱ्याने ही नम्रता शिदोरीसारखी सोबत बांधावी.

आता कोणी विचारील, प्रत्येकाने पाच वर्षे राहावे काय? दोन आठवड्यांच्या सेवेला काहीच अर्थ नाही काय? अर्थ आहे, पण तो कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. न्यूयॉर्कस्थित प्लॅस्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित यांचे उदाहरण आपल्या समाजाला जवळचे आहे. अपघाताने शरीराची उजवी बाजू अधू झाली, कर्करोगाने स्वरयंत्र गेले, हृदयविकार जडला. तरीही हा माणूस चाकांच्या खुर्चीतून दरवर्षी भारतात येऊन दुभंगलेल्या ओठांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करीत राहिला. भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरे गावोगावी भरवली. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०११ साली ते निवर्तले. ही शिबिरे यशस्वी का झाली? दुभंगलेला ओठ शिवणे हे एका बैठकीत पूर्ण होणारे काम आहे. शिवाय डॉक्टर येण्यापूर्वी रुग्ण शोधणे, नोंदणी करणे, निवास-भोजनाची व्यवस्था पाहणे आणि ते गेल्यानंतर टाके व जखमा सांभाळणे यासाठी स्थानिक माणसे उभी होती. जयपूर येथे १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीनेही अनेक देशांत शिबिरे घेऊन कृत्रिम पाय बसवले. तेथेही काम मोजके आहे, हाताशी येणाऱ्या साहित्यातून होणारे आहे आणि रुग्ण चालत घरी जातो.

याउलट मधुमेह, रक्तदाब, क्षय, कुपोषण हे रोग दोन आठवड्यांचे पाहुणे ओळखत नाहीत. पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन पथक निघून गेले, तर सोळाव्या दिवशी रुग्णाने कोणाकडे जावे? या प्रश्नाचे उत्तर जेथे नाही, तेथे शिबिराची छायाचित्रे सुंदर येतील, पण सेवा पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलतो. जे काम विद्यार्थ्याला अमरावतीच्या वा अकोल्याच्या रुग्णालयात करण्याची मुभा नाही, ते त्याने परक्या देशातील गरिबाच्या देहावर करू नये. रुग्ण दरिद्री आहे म्हणून त्याचा देह सरावासाठी खुला होत नाही. अहिंसेचा अर्थ येथे शब्दशः लागू होतो. विद्यार्थ्याचे स्थान रांगेपाशी, नोंदवहीपाशी, रक्तदाब मोजण्यापाशी आणि घाबरलेल्या मातेच्या शेजारी आहे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

मग तयारी कोठे करावी? आपल्या जिल्ह्यातच तिचे विद्यापीठ आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले, ते याच अमरावतीत. मेळघाटातील बैरागडला डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य वाहिले. त्यांना २०१९ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. डॉ. आशिष सातव यांनी धारणी तालुक्यात रुग्णालय उभारले. पुण्याच्या 'मैत्री' संस्थेने १९९७ पासून पावसाळ्यात, जेव्हा बालमृत्यूंचे भय सर्वाधिक असते तेव्हा, शहरी स्वयंसेवकांच्या तुकड्या मेळघाटातील गावांत पाठवण्याची धडक मोहीम चालवली. या तरुणांनी घरोघर जाऊन बाळांची वजने घ्यावयाची, ताप-जुलाबाची चौकशी करावयाची, मीठ-साखरेचे पाणी करावयास शिकवावयाचे आणि आजारी बाळाला दवाखान्यापर्यंत पोहोचवावयाचे. तेथे भाषा कोरकू आहे. आजारी बाळाच्या पोटावर तापल्या सळईने डागण्या देण्याची रूढी आहे. जो स्वयंसेवक ओट्यावर उभा राहून त्या आईला रागावतो, त्याला दुसऱ्या दिवशी दार उघडले जात नाही. जो तिच्याजवळ बसून आधी ऐकतो, त्याच्यासोबत ती दवाखान्यात येते. हा धडा ज्याने चिखलदऱ्याच्या पावसात गिरवला, तो आफ्रिकेतील खेड्यातही चुकणार नाही.

म्हणून विश्वस्तांना माझी नम्र सूचना अशी. न्यासाने साहाय्य अवश्य करावे, परंतु काही अटींवर. विद्यार्थ्याने आधी एक पावसाळा मेळघाटातील एखाद्या अनुभवी संस्थेच्या देखरेखीखाली काम केलेले असावे. परदेशातील शिबिर तेथील डॉक्टरांच्या निमंत्रणावरून आणि त्या देशाच्या रीतसर परवानगीने होत असावे. सोबत अनुभवी वैद्यकीय शिक्षक असावेत. तेथील भाषेतील शंभर-दोनशे शब्द विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी शिकावेत. आफ्रिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, हेही ध्यानात असावे. आणि परत आल्यावर त्याने याच सभागृहात सांगावे की रुग्णांचा पुढील सांभाळ कोण करीत आहे. किती रुग्ण तपासले, हा आकडा त्यानंतर सांगितला तरी चालेल.

पालकांनाही एक विनंती. एका विमानप्रवासाच्या खर्चात मेळघाटातील अनेक स्वयंसेवकांचा पावसाळा निघू शकतो. तुमचे मूल धारणीला जातो म्हणाले, तर ते लंडनला किंवा नैरोबीला जातो म्हणाल्यावर होतो तितकाच आनंद माना.

मित्रांनो, १९३६ साली याच शहरातील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखवून आले. अमरावतीच्या तरुणाला सातासमुद्रापलीकडे जाण्याचे भय तेव्हाही नव्हते. तुम्हीही जा. मात्र जाताना आपले ज्ञान जेवढे आहे तेवढेच सांगा, शिकण्यासाठी कान उघडे ठेवा, आणि तेथील माणसाने पुन्हा बोलवावे असे वागून या.



जय जिनेंद्र.