पाखराचा रंग आणि उन्हाचे माप



इंदूरच्या पश्चिमेस होळकर संस्थानाच्या काळात बांधलेला सिरपूर तलाव आहे. २०२२ साली त्याची गणना रामसर पाणथळींत झाली. हिवाळ्यात तेथे पाखरे पाहावयास येणाऱ्या अनेकांच्या गळ्यात आता कॅमेरा असतो. यंत्र उत्तम, पाखरू समोर, आणि तरीही चित्रातला बगळा चुन्याच्या फटकाऱ्यासारखा सपाट उमटतो. आभाळात उडणारा पाणकावळा नुसता कोळसा दिसतो. असे का व्हावे, आणि त्यावर सवयीने कशी मात करावी, एवढाच आजचा विषय आहे.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तूवर किती ऊन पडले आहे हे मोजत नाही. वस्तूवरून परतलेला उजेड तो मोजतो, आणि समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. काळसर पाण्यावर बगळा उभा असला की मापक अंधाराला भुलून प्रकाश वाढवितो, आणि बगळ्याची पिसे जळून जातात. तोच बगळा उजळ आभाळात उडाला की मापक प्रकाश आवरतो, आणि बगळा मळकट होतो. वास्तविक या दोन क्षणांत बगळ्यावरचे ऊन तिळमात्र बदललेले नसते. बदलते ती केवळ पार्श्वभूमी. म्हणूनच ऊन स्थिर असताना शटर, छिद्र आणि आयएसओ ही तिन्ही मापे आपल्या हाताने ठरवून कायम ठेवणे श्रेयस्कर.

आरंभासाठी फिल्मच्या काळापासून चालत आलेला एक नियम पुरेसा आहे. स्वच्छ ऊन पाठीशी असताना छिद्र एफ १६ ठेवावे आणि आयएसओचा जो आकडा असेल तितकाच शटरचा छेद घ्यावा. आयएसओ ४०० असेल तर शटर १/४०० सेकंद. उडत्या पाखरास हा वेग अपुरा पडतो. तेव्हा छिद्र दोन टप्पे उघडून एफ ८ करावे आणि शटर १/१६०० वर न्यावे. प्रकाश तेवढाच राहतो. पांढऱ्या बगळ्यासाठी यातून सुमारे एक टप्पा, म्हणजे निम्मा प्रकाश, कमी करावा. काळ्या पाणकावळ्यासाठी अर्धा ते एक टप्पा वाढवावा. सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा ढगाळ दिवशी अर्थातच अधिक प्रकाश द्यावा लागतो.

हे ऐकून येत नाही; सरावानेच येते. घराच्या गच्चीवर उन्हात एक पांढरा पंचा, एक काळी छत्री आणि एक करडा दगड मांडावा. एकाच मापावर तिघांची चित्रे घ्यावीत, मग तीच स्वयंचलित मापावर घ्यावीत. दुसऱ्या खेपेस तिन्ही वस्तू बऱ्याच अंशी करड्याकडे झुकलेल्या दिसतील. त्यानंतर रोज दारचे कावळे आणि कबुतरे घ्यावीत. आधी नुसत्या डोळ्यांनी माप अजमावून वहीत लिहावे, मग चित्र काढून ताळा पाहावा. बहुतेक कॅमेऱ्यांत चकतीच्या तीन खटक्यांचा एक टप्पा होतो. डोळा दृश्यदर्शकावरून न काढता खटके मोजण्याची बोटांना सवय लावावी. पडद्यावर जळालेला भाग लुकलुकून दाखविण्याची सोय असते, ती सुरू ठेवावी. बगळ्याच्या पाठीवर ती लुकलुक दिसताच प्रकाश कमी करावा. अंधारलेला भाग मागाहून काहीसा उजळता येतो. पूर्ण जळालेले पांढरे पीस मात्र परत मिळत नाही.

मात्र ढग येत-जात असतील, किंवा खंड्या क्षणात सावलीतून उन्हात झेपावत असेल, तर ऊनच बदलत असते. अशा वेळी स्वयंचलित मापाची मदत घेण्यात कमीपणा नाही. कोणते बदलते आहे, ऊन की पार्श्वभूमी, हे ओळखणे हीच खरी विद्या.

हा खटाटोप केवळ देखणेपणासाठी नाही. पाणथळीवर कोणता पक्षी आला याची साक्ष आज पुष्कळदा छायाचित्रच देते. मोठा बगळा आणि मध्यम बगळा ओळखताना एक बारीक खूण उपयोगी पडते: मोठ्याच्या जबड्याची रेघ डोळ्याच्या मागे जाते, मध्यमाची डोळ्याखालीच थांबते. चेहरा जळाला की ही रेघ जाते, आणि त्याबरोबर साक्षही जाते. आणि अशा साक्षीसाठी खडा मारून पाखरू उडवू नये, घरट्याजवळ जाऊ नये, हे वेगळे सांगावयास नको. ज्याचे माप आधीच ठरलेले असते, त्याला पाखरू आपणहून उडेपर्यंत स्वस्थ बसता येते.