अटकेचा कागद कोणत्या भाषेत?

आजचा भाग आपल्या वाशिम जिल्ह्यात नुकतीच वकिली सुरू केलेल्यांसाठी आहे. पण ज्यांच्या घरात कुणी वकील नाही, त्यांनीही शेवटपर्यंत ऐका. पोलीस स्टेशनातून रात्री फोन येतो तो आधी घरच्यांना. वकिलाला तो नंतर जातो.

विषय एकच आहे. माणसाला अटक केली तर ती का केली, हे पोलिसांनी लिहून द्यायचं, आणि त्याला समजेल त्या भाषेत द्यायचं. ऐकायला साधं वाटतं ना? पण सगळ्या गुन्ह्यांसाठी हे स्पष्टपणे ठरायला 2025 साल उजाडावं लागलं.

6 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य. खंडपीठावर होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपल्या अमरावतीचे, आणि न्यायमूर्ती मसीह. प्रकरण मुंबईचं, जुलै 2024 मधल्या वरळीच्या गाडी अपघाताचं. पण एक लक्षात घ्या, आरोपीनं गुन्हा केला की नाही हा प्रश्न तिथं नव्हता. प्रश्न होता, अटकेची कारणं लेखी दिली नाहीत तर ती अटक टिकते का?

न्यायालयानं काय सांगितलं ते सोप्या भाषेत सांगतो.

एक. अटकेची कारणं सांगणं प्रत्येक गुन्ह्यात बंधनकारक आहे, मग कायदा कोणताही असो. दोन. ती लेखी द्यायची, आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. तीन. पोलिसांच्या डोळ्यांदेखत गुन्हा घडला, लगेच लिहून देणं शक्यच नव्हतं, अशा वेळी आधी तोंडी सांगता येईल. पण कागद मात्र रिमांडसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडला पाहिजे. चार. हे झालं नाही तर अटक आणि त्यानंतरचा रिमांड दोन्ही बेकायदा, आणि माणूस सुटण्यास पात्र.

आता ही गोष्ट आभाळातून पडलेली नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 मध्ये पहिल्या दिवसापासून आहे की, अटकेची कारणं कळवल्याशिवाय कुणाला डांबून ठेवता येणार नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये पंकज बन्सल निकालात मनी लाँडरिंगच्या कायद्यासाठी लेखी कारणं सक्तीची झाली. मे 2024 मध्ये प्रबीर पुरकायस्थ निकालानं तेच यूएपीएला लागू केलं. फेब्रुवारी 2025 च्या विहान कुमार निकालानं सांगितलं की, कारणं कळवली हे सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांची आहे. आणि नोव्हेंबरमध्ये लेखी कागदाचा नियम सगळ्याच गुन्ह्यांपर्यंत आला. म्हणजे जो हक्क आधी मोठमोठ्या प्रकरणांत मिळाला, तो आता मालेगाव, रिसोडच्या मारामारीच्या केसमध्येही लागू आहे.

भाषेचा मुद्दा तर याहून जुना आहे, आणि तोही महाराष्ट्रातलाच. 1962 चा हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल काढून वाचा. स्थानबद्ध केलेल्या माणसाला आदेश आणि कारणं इंग्रजीत दिली. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं हिंदीत मागितली, तर नकार मिळाला. सरकारचं म्हणणं होतं, आम्ही तोंडी भाषांतर करून सांगितलं, तेवढं पुरे. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पुरे नाही. ते स्थानबद्धतेचं प्रकरण होतं, साध्या अटकेचं नव्हे. पण माणसाला आपली बाजू मांडायची तर आरोप नेमका काय आहे ते त्याला कळलं पाहिजे, हे तत्त्व तेच आहे.

आता हे आपल्या जिल्ह्यात आणून बघा. सहा तालुके. बोलायला वऱ्हाडी. मानोऱ्याकडे, पोहरादेवीच्या परिसरात तांड्यातांड्यांवर गोरमाटी. कारंजा, मंगरुळपीरमध्ये कितीतरी घरांत उर्दू. समजा, तांड्यावरच्या साठ वर्षांच्या माणसाला रात्री आणलं. कागद मराठीत आहे, सरकारी मराठीत. आपल्याला वाटतं मराठी आहे म्हणजे झालं. पण त्याला ते वाचता येतं का? खाली अंगठा कशावर घेतला, हे त्याला ठाऊक आहे का?

म्हणून ज्युनिअर मित्रांनो, पहिल्या भेटीत पक्षकाराला एक साधा प्रश्न विचारा. भाऊ, तुला काय वाचता येतं? घरी गोरमाटी बोलणारा पोरगा मराठी शाळेत शिकलेला असेल तर मराठी कागद त्याला समजतो. तिथं उगीच भाषेचा आक्षेप घेऊ नका. न्यायाधीश दोन प्रश्नांत ते उघडं पाडतील आणि तुमचा पुढचा खरा मुद्दाही हलका होईल. पण ज्याला खरंच वाचता येत नाही, त्याला कागद कुणी वाचून दाखवला, कोणत्या बोलीत समजावला, किती वाजता, याची नोंद आहे का ते बघा. नोंद नसेल तर तो मुद्दा धरा.

आता कामाच्या गोष्टी, क्रमानं.

पहिली गोष्ट घड्याळ. अटकेची वेळ, कागद दिल्याची वेळ आणि कोर्टात हजर केल्याची वेळ, या तिन्ही वेळा वहीत लिहा. दुपारी तीनला हजर केलं तर कागद एकपर्यंत हातात हवा होता. कोर्टाच्या व्हरांड्यात टेकवलेला कागद चालणार नाही.

दुसरी गोष्ट, कागदात काय लिहिलंय. इथं बरेच जण चुकतात. ‘आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल’, ‘पुरावा नष्ट करेल’, ‘तपासासाठी गरज आहे’, ही वाक्यं कुठल्याही आरोपीला चिकटवता येतात. पुरकायस्थ निकालानं हा फरक नीट सांगितलाय. अशी ठोकळेबाज वाक्यं म्हणजे अटकेची कारणं नव्हेत. या माणसानं, या दिवशी, या ठिकाणी काय केलं असा आरोप आहे, ते त्या कागदात हवं.

तिसरी गोष्ट, पहिल्याच रिमांडला बोला. जामिनाच्या वेळी बघू, असं म्हणू नका. लेखी अर्ज द्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 47 चा उल्लेख करा, आणि आक्षेपाची नोंद रोजनाम्यात घेण्याची विनंती करा. त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. उद्या वाशिमच्या सत्र न्यायालयात किंवा नागपूर खंडपीठात गेलात तर तोंडी बोललेलं कुणी ऐकत नाही, रोजनामा बोलतो.

चौथी गोष्ट, नातेवाईक. कलम 48 प्रमाणे अटकेची माहिती नातेवाईक किंवा मित्राला द्यावी लागते. घरच्यांना फोन कधी आला, कुणी केला, ते मोबाईलच्या कॉल यादीत असतं. तो स्क्रीनशॉट त्याच रात्री काढून ठेवा.

पाचवी गोष्ट, समोरून काय येईल याची तयारी. सरकारी वकील ऑगस्ट 2025 चा दर्शन निकाल दाखवतील. त्यात न्यायालयानं म्हटलं होतं की, लेखी कारणं नसणं एवढ्यावरून अटक बेकायदा ठरत नाही, आरोपीचं प्रत्यक्ष नुकसान दिसलं पाहिजे. त्यामुळे नुसता नोव्हेंबरचा निकाल पुढे करून थांबू नका. कागद नसल्यामुळे पक्षकाराचं काय बिघडलं तेही मांडा. रिमांडला विरोध करता आला नाही, वकिलाला सूचना देता आल्या नाहीत, असं नेमकं सांगा. शिवाय अटकेची तारीख बघा. नोव्हेंबरच्या निकालातली कार्यपद्धती त्यापुढच्या अटकांसाठी आहे, असं न्यायालयानं म्हटलंय.

आणि पक्षकाराला खोटी आशा दाखवू नका. या मुद्द्यावर माणूस सुटला म्हणजे केस संपली नाही. पोलीस कारणं लेखी देऊन पुन्हा कोठडीचा अर्ज करू शकतात, आणि त्यावर शक्यतो आठवड्यात निर्णय व्हावा, असंही त्याच निकालात आहे. हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर दहाव्या दिवशी तेच तुमच्याशी भांडतील.

कुणी म्हणेल, म्हणजे हा सगळा आरोपींचा फायदा? तर तसं नाही. तुम्ही फिर्यादीचे वकील असाल, मारहाण झालेल्या बाईच्या बाजूनं उभे असाल, तर ठाणेदारांना भेटून विचारा, साहेब, कारणं लेखी दिली ना? त्या एका कागदावाचून आरोपी सुटला तर तुमच्या पक्षकाराला त्याच गल्लीत त्याच्यासमोरून जावं लागतं. नीट लिहिलेला कागद दोन्ही बाजूंना कामाचा आहे.

शेवटी ज्यांच्या हातात फक्त मोबाईल आहे त्यांच्यासाठी. पोलिसांसमोर हजर राहण्याची कलम 35 ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं वैध नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये सांगितलंय. तरी अशी नोटीस आली तर पुसून टाकू नका, वकिलाला दाखवा. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ केलं म्हणणारा मात्र शंभर टक्के भामटा. कायद्यात अशी अटकच नाही, फोन ठेवून द्या. घरच्या कुणाला खरंच अटक झाली तर घाबरून कुठल्याही कागदावर सही करू नका. आधी वाचा, वाचता येत नसेल तर तसं सांगा, आणि आपली प्रत मागा. वकिलाचे पैसे नसतील तर कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 15100 या नंबरवर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

हा भाग तुमच्या गावच्या ग्रुपवर टाका. तांड्यावर कुणी असेल तर त्याला गोरमाटीत सांगा. आपलं काम तिथूनच सुरू होतं. भेटू पुढच्या भागात.