सौंदर्याचे माप आणि माणसाचे मोल

(परंडा येथील व्याख्यानाचा मजकूर)



२०२५ सालच्या मे महिन्यात हैदराबादेत ‘मिस वर्ल्ड’ स्पर्धा भरली आणि शंभराहून अधिक देशांच्या तरुणी तेथे आल्या. विश्वसुंदरीच्या निवडीशी परंड्यासारख्या गावाचा काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु परंड्याला हैदराबाद परके नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत या तालुक्यावर तेथूनच राज्य चालत होते, आणि वेठ म्हणजे काय हे मराठवाड्याला व तेलंगणाला कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

या स्पर्धेच्या काळात काही स्पर्धक तरुणींना मुलुगु जिल्ह्यातील रामप्पा मंदिर पाहावयास नेण्यात आले. देवळात शिरण्यापूर्वी त्यांना ओळीने बसविण्यात आले, आणि स्थानिक स्त्रियांनी त्यांच्या पायांवर पाणी घातले. काहींचे पाय पुसलेही. ती दृश्ये प्रसिद्ध होताच संतापाची लाट उठली. हे अतिथीचे पारंपरिक स्वागत आहे, असे समर्थनही झाले. वेट्टीच्या म्हणजे वेठबिगारीच्या विरोधात ज्या भूमीतील कष्टकरी जिवावर उदार होऊन लढले, त्या भूमीत हे समर्थन अनेकांच्या गळी उतरले नाही, यात नवल नाही.

तथापि हा संताप बसलेल्या मुलींवर काढणे न्यायाचे होणार नाही. त्याच महिन्यात ‘मिस इंग्लंड’ मिला मॅगी ही स्पर्धा अर्ध्यावर सोडून मायदेशी परतली. पुरस्कर्त्या धनिकांच्या मनोरंजनासाठी आपल्याला बसविले जात होते, अशी तिची तक्रार होती. संयोजकांनी ती फेटाळली आणि तेलंगण सरकारने चौकशी आरंभिली. तक्रारीचा निर्णय काहीही असो, देवळापाशी एक स्त्री बसली आणि दुसरी वाकली. पण कोणी बसावे व कोणी वाकावे, हे त्या दोघींपैकी एकीनेही ठरविलेले नव्हते. ठरविणारा तिसराच होता. सौंदर्यस्पर्धेचा विचार करावयाचा तो या तिसऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून.

हा तिसरा कोण, हे स्पर्धांच्या जन्मकथेतच दिसते. ‘मिस वर्ल्ड’ची स्पर्धा १९५१ साली लंडनमध्ये सुरू झाली. नृत्यगृहे चालविणाऱ्या मेक्का कंपनीचे एरिक मॉर्ले यांनी ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या महोत्सवाच्या निमित्ताने योजलेली ती एक जाहिरात होती. ‘मिस युनिव्हर्स’ची कथा याहून बोलकी आहे. अमेरिकेतील ‘मिस अमेरिका’ स्पर्धेची विजेती योलांद बेटबीझ हिने पोहण्याच्या पोशाखात मिरवण्यास नकार दिला. तेव्हा तो पोशाख विकणाऱ्या कॅटालिना कंपनीने त्या स्पर्धेचा आश्रय सोडला आणि १९५२ साली स्वतःची निराळी स्पर्धा उभी केली. म्हणजे एका स्त्रीच्या नकारावर व्यापाऱ्याने शोधलेला तोडगा, हे ‘मिस युनिव्हर्स’चे मूळ आहे.

भारतीयांना, आणि विशेषतः मुंबई-गोव्याच्या लोकांना, जिचा अभिमान वाटला ती रीटा फारिया. गोमंतकीय कुटुंबातील ही मुलगी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण घेत होती. नोव्हेंबर १९६६ मध्ये लंडनला ती ‘मिस वर्ल्ड’ झाली. हा मान मिळविणारी ती पहिली आशियाई स्त्री. पण मुकुटाबरोबर करार येतो. त्याच डिसेंबरात विनोदी नट बॉब होप यांच्या ताफ्याबरोबर तिला व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांचे मन रिझविण्यास जावे लागले, आणि त्यावरून भारतात गदारोळ उठला. एका आशियाई देशावर बाँब पडत असताना दुसऱ्या आशियाई देशाची कन्या तेथे शोभेसाठी उभी करण्यात आली. वर्षाची मुदत संपल्यावर रीटा फारियाने झगमगाटाकडे पाठ फिरविली, ती पुन्हा वैद्यकाकडे वळली आणि पुढे डॉक्टर म्हणूनच जगली. ज्या मुलीला जगाने केवळ रूपासाठी निवडले, तिने स्वतःची निवड कामासाठी केली.

चार वर्षांनी, नोव्हेंबर १९७० मध्ये, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हेच बॉब होप स्पर्धेचे सूत्रसंचालन करीत होते. तेव्हा स्त्रीमुक्तीवादी तरुणींनी पिठाच्या पुड्या फेकून आणि घोषणा देऊन सोहळा थांबविला. त्याच रात्री ग्रेनाडाची जेनिफर होस्टन विजयी झाली. हा मुकुट मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. दुसरी आली पर्ल जॅन्सन. दक्षिण आफ्रिकेच्या नावाचा पट्टा गोऱ्या मुलीच्या अंगावर होता, म्हणून पर्लला ‘आफ्रिका साउथ’ असा उलटा पट्टा देण्यात आला होता. बाहेरून निषेध करणाऱ्या स्त्रिया चुकीच्या नव्हत्या, आणि जिला देशाचे नावही सरळ मिळत नव्हते ती व्यासपीठावर उभी राहिली, हेही चूक नव्हते. अशा दोघींना एकमेकींच्या विरुद्ध उभे करणारी व्यवस्था मात्र चुकीची होती.

हा विवेक भारतात नेहमी राहिला असे नाही. १९९६ साली बंगळूरला ‘मिस वर्ल्ड’ भरली तेव्हा विरोधाचे दोन प्रवाह एकत्र आले. कर्नाटक राज्य रयत संघाचे प्रा. नंजुंडस्वामी आणि त्यांचे शेतकरी परदेशी भांडवलाच्या शिरकावाबद्दल बोलत होते. दुसरे संस्कृती बुडाल्याची हाकाटी करीत होते. मदुराईत एका तरुणाने आत्मदहन केले. अखेर पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर नेण्यात आली, आणि उरलेला बाजार पोलीस बंदोबस्तात यथास्थित पार पडला. स्त्रीने अंग झाकावे, एवढीच ज्यांची मागणी असते, त्यांची समजूत व्यापारी सहज घालतो. स्त्रीच्या देहावर हुकूम कोणाचा, हा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नसतो. बाजारवाला म्हणतो ‘उघड’, धर्मरक्षक म्हणतो ‘झाक’. तिला काय वाटते, ते दोघेही विचारीत नाहीत.

तिला काय वाटते हे एकदा एका मराठी मुलीने जगापुढे सांगितले होते. नागपूरची मधू सप्रे ही मुळात खेळाडू. १९९२ साली बँकॉकच्या ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धेत ती शेवटच्या तिघींत पोहोचली. देशाची नेता झालीस तर काय करशील, या प्रश्नावर तिने क्रीडासंकुल उभारण्याची गोष्ट सांगितली. ती तिसरी आली, आणि त्या उत्तरामुळेच मुकुट गेला असे लोक पुढे कित्येक वर्षे हळहळत म्हणत राहिले. गरिबीविषयी पाठ केलेले एखादे गोड वाक्य म्हणावयास हवे होते, असा त्या हळहळीचा अर्थ. वस्तुतः खेळण्यास मैदान मागणारी मुलगी आपल्या देहाचा उपयोग आपल्यासाठी मागत होती. गावोगावच्या शाळांतील मुलींसाठी याहून योग्य मागणी कोणती?

आता परंड्याकडे वळावे. दिवाळी सरली की या भागातून ऊसतोडीचे तांडे निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ असतो. उचल त्या कोयत्यावर मिळते. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, पण हिशेबात तिचे वेगळे नाव नसते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ती शस्त्रक्रिया झाल्याचे उघड झाले. खाडा झाला तर दंड, आणि पाळीच्या त्रासाने खाडा होतो. म्हणून अनेकींना गर्भाशयच नको झाले.

लंडन-हैदराबादच्या रंगमंचाचा आणि उसाच्या फडाचा संबंध येथे आहे. एकीकडे स्त्रीचा देह इंचांत मोजला जातो, दुसरीकडे टनांत. मुकुटाचे आणि कोयत्याचे दुःख सारखे आहे, असे म्हणणे फडातील बाईची थट्टा ठरेल. परंतु माप दुसऱ्याच्या हातात असणे, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

ही मापे अढळ नाहीत. पोहण्याच्या पोशाखाची फेरी बंद करीत असल्याचे ‘मिस वर्ल्ड’च्या चालकांनी २०१४ साली जाहीर केले. स्त्रियांनी दशकानुदशके दिलेल्या नकारांचा रेटा त्यामागे होता. फडातही तसेच व्हावयास हवे. वहीत बाईचे स्वतंत्र नाव, तिच्या हातात तिची मजुरी, पाळीच्या दिवसांत दंडाविना विसावा आणि तांड्याजवळ दवाखाना, या मागण्या मुकादमाने आपण होऊन मान्य केल्याचे कोणी पाहिलेले नाही. त्यासाठी संघटनाच लागेल. आणि ज्या दिवशी परंड्याच्या मोंढ्यात ‘अर्धा कोयता’ हा शब्द बाईसाठी वापरण्याची कोणाची हिंमत होणार नाही, त्या दिवशी विश्वसुंदरीचा मुकुट कोणाच्या डोक्यावर गेला याची चिंता करण्याचे कारण उरणार नाही.